आपल्या फोनवर पहिला नंबर, मुंबईच्या पाहुण्याच्या फोनवर गायब! गुगलवरचा खरा क्रमांक कसा तपासायचा?

खेड : भरणे नाक्यावरचा लॉज असो, रघुवीर घाटाच्या वाटेवरचा होमस्टे असो, आंबा-काजू-कोकम घरपोच पाठवणारा बागायतदार असो की लोटे एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. धंदा कुठलाही असला तरी आता गिऱ्हाईक आधी फोनमध्ये शोधतं आणि मग फोन लावतं. त्यामुळे 'गुगलवर आपण कितव्या नंबरला येतो?' हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या ठिकाणीही तो रोजचा झाला आहे.

हा प्रश्न साधा वाटतो, उत्तर मात्र फसवं मिळतं. मालक स्वतःच्या फोनवर शोधतो, त्याचं नाव पहिलं येतं. तो खूश होतो. त्याच दिवशी डोंबिवलीहून यायचं ठरवणारा पाहुणा तेच शब्द टाकतो, आणि त्याला ते नाव पहिल्या पानावर दिसतही नाही. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. गुगलने दोघांना दोन वेगळी पानं दाखवलेली असतात, एवढंच.

यात पैशाचा प्रश्नही आहे. 'तुमचा धंदा गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' म्हणत महिन्याचं पॅकेज विकणारे फोन आता गावागावात येतात. काम झालं की नाही हे मालक स्वतःच्या मोबाईलवर बघतो, आणि तिथेच गफलत होते. म्हणून आपल्या फोनचा प्रभाव बाजूला ठेवून खरा क्रमांक कसा पाहायचा, हे समजून घेणं गरजेचं आहे.

एकाच शब्दाला दोन उत्तरं का?

सर्चचे निकाल माणसागणिक बदलण्याची सुरुवात जुनी आहे. २००५ च्या सुमारास गुगलने खातं उघडून शोधणाऱ्यांसाठी मागच्या शोधांचा विचार करून निकाल लावायला सुरुवात केली. ४ डिसेंबर २००९ पासून ही पद्धत खातं न उघडता शोधणाऱ्यांनाही लागू झाली. तेव्हा ब्राउझरमधल्या कुकीच्या आधारे १८० दिवसांपर्यंतच्या शोधांचा विचार होत असे. २०११ मध्ये एली पॅरिसर या अमेरिकन लेखकाने यावर 'द फिल्टर बबल' हे पुस्तक लिहिलं, आणि 'प्रत्येकाला आपापल्या आवडीचंच जग दिसतं' ही चर्चा जगभर सुरू झाली.

पुढे गुगलने स्वतःच सांगितलं की आवडीनिवडीवरून होणारा बदल आता तुलनेने कमी असतो. फरक पडतो तो मुख्यतः शोधणारा कुठे आहे, कुठली भाषा वापरतो आणि नुकतंच त्याने काय शोधलं यावरून. २०१८ मध्ये डकडकगो या दुसऱ्या सर्च कंपनीने अमेरिकेत ८७ जणांना एकाच वेळी तेच शब्द शोधायला लावले. खासगी विंडोतही बहुतेकांना वेगवेगळे निकाल आले, असं तिचं म्हणणं होतं. गुगलने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. डकडकगो गुगलची स्पर्धक आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. वाद कुणीही जिंको, दुकानदाराच्या दृष्टीने तात्पर्य एकच : दोन फोनवर दोन पानं दिसू शकतात.

फरक पाडणाऱ्या गोष्टी साधारण पाच आहेत.

पहिली, ठिकाण. ही सगळ्यात मोठी. ऑक्टोबर २०१७ पासून गुगल कुठल्या देशाचे निकाल दाखवायचे हे पत्त्याच्या शेपटीवरून ठरवत नाही, माणूस प्रत्यक्ष कुठे आहे त्यावरून ठरवतं. देशाच्या आतही तसंच. 'जवळचं जेवणाचं हॉटेल' असं खेड एसटी स्टँडवरून शोधलं आणि लोट्यातून शोधलं तर यादी वेगळी येणारच.

दुसरी, खात्यातला इतिहास. गुगलच्या खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाची नोंदवही असते. काय शोधलं, कशावर टिचकी मारली, हे तिच्यात जमा होतं. जो मालक दिवसातून चारदा स्वतःचंच पान उघडतो, त्याच्या फोनला ते पान त्याच्या कामाचं आहे असं वाटलं तर नवल नाही.

तिसरी, नुकताच केलेला शोध. आधी 'दापोली बीच' शोधून लगेच 'राहण्याची सोय' शोधलं तर दुसऱ्या शोधाला पहिल्याचा संदर्भ चिकटू शकतो.

चौथी, भाषा आणि लिपी. 'खेड हॉटेल' हे देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत आणि फोनची भाषा मराठी ठेवून शोधलं तर तिन्ही वेळा निकाल सारखे येतील याची खात्री नाही.

पाचवी, साधन. मोबाईल आणि कॉम्प्युटरवर क्रम वेगळा असू शकतो. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतात काही शोधांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तरही दिसू लागलं. ते कधी येतं, कधी येत नाही, आणि आलं की बाकीची यादी खाली ढकलली जाते.

खेडची खास अडचण : खेड नेमकं कुठलं?

आपल्या तालुक्याला आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात खेड एक नाही. पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे, त्याचं मुख्य गाव राजगुरुनगर. पुण्याजवळ खेड-शिवापूर आहे. पुण्यातल्या माणसाने नुसतं 'खेड लॉज' टाकलं तर त्याला राजगुरुनगर किंवा खेड-शिवापूरकडचे निकाल दिसण्याची शक्यता जास्त. गुगल त्याच्या जवळचं खेड धरतं. आपल्याकडे बसून तेच शब्द टाकले की आपलं खेड दिसतं, आणि मालकाचा गैरसमज पक्का होतो.

त्यामुळे क्रमांक तपासताना शब्द कुठले निवडतो याला महत्त्व आहे. 'खेड रत्नागिरी', 'खेड रेल्वे स्टेशनजवळ', 'दापोलीला जाताना खेडला राहण्याची सोय' हे शब्द आपल्या खेडकडेच बोट दाखवतात. राजगुरुनगरला रेल्वे नाही, त्यामुळे 'खेड स्टेशन' म्हटलं की कोकण रेल्वेवरचं आपलं खेड. दापोलीकडे जाणारे कितीतरी प्रवासी इथेच उतरतात. वेबसाइटवर आणि गुगलवरच्या दुकानाच्या माहितीत जिल्हा, ४१५७०९ हा पिनकोड, रेल्वे स्टेशन आणि मुंबई-गोवा महामार्ग यांचा उल्लेख स्पष्ट असेल तर गिऱ्हाईकही गोंधळत नाही आणि गुगलही.

आणखी एक चूक टाळायला हवी. स्वतःच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकून पहिला नंबर आला म्हणजे काही कमावलं असं नाही. नाव टाकणाऱ्याला दुकान आधीच माहीत असतं. ज्याला नाव माहीत नाही तो काय टाकेल, ते शब्द तपासायचे. 'चुलीवरचं जेवण खेड', 'हापूस पेटी थेट बागेतून', 'लोटे लेथ वर्कशॉप' असे.

पायरी १ : आपल्या खात्याचा प्रभाव बंद करा

सोपा उपाय आधी. गुगलवर शोधल्यावर निकालांच्या अगदी तळाशी जा. निकाल वैयक्तिक केलेले असतील तर तिथे तशी ओळ दिसते आणि 'वैयक्तिकरण न करता पाहा' अशा अर्थाचा पर्याय असतो. त्यावर टिचकी मारली की त्या शोधापुरते साधे निकाल येतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली तर आपल्या इतिहासाने नेमका किती फरक पाडला तेही कळतं.

कायमचं बंद करायचं असेल तर गुगल ॲपमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून सेटिंग्जमध्ये जा. तिथे 'पर्सनल रिझल्ट्स' किंवा 'सर्च पर्सनलायझेशन' या अर्थाचा खटका असतो, तो बंद करा. फोन आणि ॲपच्या आवृत्तीनुसार नाव थोडं वेगळं दिसू शकतं.

मुळावरच घाव घालायचा असेल तर गुगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' विभागात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करता येते. बंद केल्यावर नवी नोंद होत नाही. जुनी नोंद मात्र वेगळी पुसावी लागते. ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी ती आपोआप पुसली जावी अशीही सोय आहे. जून २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना १८ महिन्यांची मुदत आपसूक लावलेली असते. ही नोंदवही बंद केली की मॅप्स आणि इतर सेवांतल्या काही सोयीही कमी होतात. त्यामुळे फक्त क्रमांक तपासायचा असेल तर एवढ्या टोकाला जायची गरज नाही.

पूर्वी एक युक्ती प्रसिद्ध होती. शोधाच्या पत्त्यापुढे 'पीडब्ल्यूएस=०' अशी शेपटी जोडली की वैयक्तिक निकाल बंद होत. अजूनही काही जण ती शिकवतात. पण ती शेपटी ठिकाणाचा परिणाम काढत नाही, आणि आपल्या कामात खरा घोळ ठिकाणाचाच असतो.

पायरी २ : इन्कॉग्निटो वापरा, पण त्याच्या मर्यादा ओळखून

क्रोममध्ये तीन ठिपक्यांवर टिचकी मारून इन्कॉग्निटो विंडो उघडली की त्या विंडोत खातं उघडलेलं नसतं आणि जुन्या कुकी नसतात. म्हणजे मालकाचा इतिहास बाजूला पडतो. एवढ्यासाठी ती चांगली आहे.

पण इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे. आयपी पत्ता तोच राहतो, ठिकाण तेच राहतं. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर खटला भरला गेला. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि इन्कॉग्निटोत गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करायला गुगल राजी झालं. इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही जास्त स्पष्ट करण्यात आली.

दोन पथ्यं पाळा. एक, त्या विंडोत गुगल खातं उघडू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया. दोन, एकामागून एक दहा शब्द तपासायचे असतील तर मध्ये सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद करून नव्याने उघडा. एक जरी विंडो उघडी राहिली तरी आधीच्या शोधाचा संदर्भ टिकू शकतो.

पायरी ३ : गुगलला आपण कुठे वाटतो ते बघा

हे बहुतेकजण विसरतात. गुगलच्या निकालांच्या तळाशी ठिकाणाचं नाव लिहिलेलं असतं आणि ते कशावरून धरलं तेही : फोनच्या लोकेशनवरून, आयपी पत्त्यावरून, की आधीच्या हालचालींवरून.

खेडात बसून मोबाईल डेटावर लोकेशन बंद ठेवून शोधलं तर तिथे कधीकधी मुंबई किंवा पुणे असंही नाव दिसू शकतं. कारण मोबाईल कंपनीच्या इंटरनेटचा दरवाजा मोठ्या शहरात असतो आणि आयपी पत्त्यावरून गुगल त्या शहराचा अंदाज बांधतं. त्यामुळे एकाच खोलीतल्या दोन फोनवर, एक वायफायवर आणि एक मोबाईल डेटावर, वेगळे निकाल येऊ शकतात. घरातल्या घरात वाद होतो तो इथेच.

नेमक्या लोकेशनची परवानगी दिलेली नसेल तर गुगल सर्च ठिकाण अगदी दारापर्यंत धरत नाही. गुगलच्या सांगण्यानुसार सर्चसाठी धरलेला परिसर ३ चौरस किलोमीटरपेक्षा मोठा असतो आणि त्यात किमान १,००० वापरकर्ते असतात. म्हणजे बाजारपेठेतल्या दोन दुकानांतून तपासलं तर फार फरक पडू नये. खेड शहर आणि लोटे यांत मात्र पडेल.

म्हणून प्रत्येक तपासणीच्या वहीत क्रमांकाशेजारी 'तळाशी कुठलं ठिकाण दिसलं' हेही लिहा. ठिकाणाशिवाय लिहिलेला क्रमांक म्हणजे तारीख नसलेली पावती.

पायरी ४ : मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा

खेडच्या राहण्याच्या आणि आंब्याच्या धंद्याचं गिऱ्हाईक बरंचसं मुंबई, ठाणे आणि पुण्याकडचं. त्याला काय दिसतं ते कळायला हवं. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अस्सल कोकणी : चाकरमान्यांची मदत घ्या. लालबाग, डोंबिवली, विरार, पिंपरी-चिंचवड इथे कुणी ना कुणी नातेवाईक असतोच. चार-पाच जणांना एकाच संध्याकाळी तेच शब्द पाठवा. इन्कॉग्निटो उघडा, शब्द जसेच्या तसे चिकटवा, कशावरही टिचकी न मारता तळापर्यंतचा स्क्रीनशॉट पाठवा, एवढंच सांगा. दुकानाचं नाव त्यांना आधी सांगू नका, नाहीतर प्रेमापोटी ते नावच टाकून शोधतील.

दुसरा मार्ग कॉम्प्युटरचा. क्रोममध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडून एफ १२ दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यातल्या जादा साधनांत 'सेन्सर्स' नावाचा विभाग आहे. तिथे ठिकाणांच्या तयार यादीत मुंबई आहे. ती निवडा, गुगलचं पान पुन्हा उघडा, लोकेशनची परवानगी द्या आणि तळाशी 'लोकेशन अपडेट' करा. तळाशी मुंबई दिसू लागली की शोध घ्या. पुणे हवं असेल तर पुण्याचे अक्षांश-रेखांश हाताने भरता येतात.

तिसरा मार्ग गुगल ॲड्सचं खातं असणाऱ्यांसाठी. त्यात जाहिरातीचं पूर्वदृश्य दाखवणारं साधन आहे. ठिकाण, भाषा आणि मोबाईल की कॉम्प्युटर हे निवडून पान कसं दिसेल ते बघता येतं. जाहिरात देणाऱ्यांनी तर हेच वापरावं. स्वतःची जाहिरात पुन्हा पुन्हा शोधून टिचकी न मारता बघत राहिलं की 'ही जाहिरात दाखवूनही कोणी उघडत नाही' असा हिशोब तयार होतो आणि ती कमी दिसू शकते. टिचकी मारली तर आपलेच पैसे कटतात.

व्हीपीएन वापरा, असाही सल्ला दिला जातो. पण २०२२ मधल्या केंद्राच्या नियमांनंतर अनेक व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे 'भारत' निवडूनही सर्व्हर दुसऱ्याच देशात असू शकतो. फुकटच्या व्हीपीएनवर तर फोनमधल्या बँकेच्या ॲपसह विश्वास टाकू नये.

नकाशातला क्रमांक वेगळा असतो

दुकान, हॉटेल, गॅरेज, दवाखाना शोधला की वर नकाशा आणि त्याखाली तीन-चार नावं येतात. ही यादी वेबसाइटच्या यादीहून वेगळी असते. ती 'गुगल बिझनेस प्रोफाइल'वरून तयार होते. नोव्हेंबर २०२१ पर्यंत त्याला 'गुगल माय बिझनेस' म्हणत.

या यादीचा क्रम गुगलच्या म्हणण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतो : शोधलेल्या शब्दांशी मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, असं गुगल स्पष्ट सांगतं. अंतर हाच एक निकष असल्यामुळे इथे 'माझा नंबर अमुक' असं एकच उत्तर नसतं. भरणे नाक्यावरून पहिला, बाजारपेठेतून तिसरा, लोट्यातून गायब, हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून नकाशाचा क्रमांक तपासताना लोकेशन चालू ठेवून, प्रत्यक्ष तीन-चार ठिकाणी उभं राहून बघा.

खरा ताळेबंद : सर्च कन्सोल

वेबसाइट असणाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे गुगलचं 'सर्च कन्सोल'. ते फुकट आहे. वेबसाइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं की कुठल्या शब्दांवर साइट किती वेळा दिसली, किती वेळा उघडली आणि सरासरी कितव्या जागी होती, हे सगळं दिसतं. एका फोनवर काय दिसलं हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांना मिळून काय दिसलं ते कळतं. मोबाईल-कॉम्प्युटर आणि देश असा फरकही करता येतो.

पण वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, 'सरासरी' म्हणजे सरासरी. एका माणसाला दुसऱ्या जागी आणि दुसऱ्याला दहाव्या जागी दिसलं तर सरासरी सहा येते. प्रत्यक्षात सहाव्या जागी कुणालाच दिसलेलं नसतं.

दोन, फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गुगल खासगीपणासाठी दाखवत नाही. तालुक्याच्या ठिकाणचे शोध मुळातच कमी, त्यामुळे आपल्या कामाचे बरेच शब्द यादीत दिसत नाहीत. एकूण बेरीज आणि शब्दांची बेरीज जुळली नाही तर घाबरू नका.

तीन, हंगाम. कन्सोलमध्ये १६ महिन्यांची आकडेवारी राहते, त्यामुळे मागच्या वर्षीशी तुलना करता येते. पण तारखेची तारखेशी तुलना केली तर फसगत होते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. गणपतीला गावी येणाऱ्यांचा शोध त्या आधीच्या दिवसांत वाढतो. २०२५ चा ऑगस्ट २०२४ च्या ऑगस्टशी ताडून 'वाढ झाली' म्हणणारा अहवाल पंचांग न बघता केलेला असतो. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस त्याच पंधरा दिवसांशी ताडायचे. शिमग्याचंही तसंच.

पॅकेज विकणाऱ्याला काय विचाराल?

गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. तेव्हा हमी देणाऱ्याकडे पहिल्यापासून सावधपणे बघावं. प्रामाणिक काम करणारेही आहेत. त्यांना पुढचे प्रश्न अडचणीचे वाटणार नाहीत.

कुठल्या शब्दांवर क्रमांक आणणार? ते शब्द आधी कागदावर घ्या. कुणीच शोधत नाही अशा लांबलचक वाक्यावर पहिला नंबर आणणं अवघड नसतं, आणि त्याचा उपयोगही नसतो.

क्रमांक कुठल्या ठिकाणावरून मोजणार? नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. त्यात तारीख आणि तळाशी दिसणारं ठिकाण हवं. दुकानात येऊन मालकाच्याच फोनवर दाखवलेला पहिला नंबर पुरावा म्हणून धरू नका.

सर्च कन्सोल कुणाच्या नावावर? ते आणि बिझनेस प्रोफाइल, दोन्ही मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर हवीत. काम करणाऱ्याला 'मॅनेजर' म्हणून परवानगी द्या, मुख्य मालकी स्वतःकडे ठेवा. नाहीतर पॅकेज थांबवलं की दुकानाची गुगलवरची चावी दुसऱ्याच्या खिशात राहते.

पहिल्या दिवसाचा क्रमांक काय होता? काम सुरू होण्याआधीची तपासणी स्वतः करून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर सुधारणा मोजणार कशी?

'आम्ही गुगलमधूनच बोलतोय, पैसे भरले नाहीत तर दुकान नकाशावरून काढू' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. ओटीपी देऊ नका. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

थोडक्यात, महिन्यातून दोनदा अर्धा तास

तपासणी रोज करून उपयोग नाही. क्रमांक दिवसागणिक थोडा वरखाली होतोच, आणि रोज बघितलं की उगाच जीव टांगणीला लागतो. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी आणि साधारण त्याच वेळी, एवढं पुरे.

• अनोळखी गिऱ्हाईक टाकेल असे पाच ते आठ शब्दसमूह ठरवा. ते बदलू नका.
• दर वेळी नवी इन्कॉग्निटो विंडो, खातं बंद.
• खेडातून एकदा, मुंबईच्या ठिकाणावरून एकदा. शक्य असेल तर पुण्यातूनही.
• देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं, दोन्ही तपासा.
• वहीत तारीख, शब्द, ठिकाण, मोबाईल की कॉम्प्युटर आणि क्रमांक लिहा. नकाशातला आणि वेबसाइटचा क्रमांक वेगळ्या रकान्यात.
• स्वतःच्या पानावर किंवा जाहिरातीवर टिचकी मारू नका.
• महिन्याच्या शेवटी सर्च कन्सोलशी ताडून बघा.

तीन महिन्यांच्या अशा वहीतून एका स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्यापुढेही एक रकाना जोडावा : आलेल्या फोनपैकी किती जणांनी 'गुगलवर बघितलं' असं सांगितलं. क्रमांक वर गेला आणि फोन वाढले नाहीत, तर शब्द चुकीचे निवडलेत. क्रमांक तिसरा राहिला आणि खोल्या भरल्या, तर पहिल्या नंबरसाठी महिन्याचे हजारो रुपये मोजायची घाई करायचं कारण नाही.